गोवर

गोवर : (रोमांतिका, मीझल्स). मॉर्बिलिव्हायरस वंशातील विषाणूमुळे होणारा तीव्र संसर्गजन्य रोग. ताप, सर्दी, खोकला, लाल डोळे व त्यानंतर अंगभर उठणारे पुरळ ही त्याची मुख्य लक्षणे होत. खोकण्या-शिंकण्यातून उडणाऱ्या तुषारांवाटे तो पसरतो. रोगी निघून गेल्यावरही बंद खोलीच्या हवेत विषाणू सुमारे दोन तास टिकू शकतो. प्रतिकारक्षमता नसलेल्या समूहात एका रोग्यापासून १२ ते १८ जणांना लागण होते, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवसांनंतरपर्यंत रोगी संसर्गक्षम असतो. घरच्यांना रोग ओळखू येतो तेव्हा तो बहुधा शेजारी पोहोचलेला असतो. नियंत्रणातील मुख्य अडचण हीच आहे.

उगम : गुरांच्या बुळकांडी रोगाचा विषाणू हा गोवराच्या विषाणूचा सर्वांत जवळचा ज्ञात आप्त. (बुळकांडीचे जगातून निर्मूलन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले.) दोहोंचा पूर्वज एकच असून तो गुरांकडून माणसात आला असावा, हे बहुतेकांना मान्य आहे. वाद आहे तो काळाचा. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी जनुकक्रमांची तुलना करून या दोन विषाणूंची फारकत अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास झाल्याचे मांडले. पुढे बर्लिनमधील एका संग्रहात १९१२ पासून जतन केलेल्या फुप्फुसाच्या नमुन्यातून विषाणूचा जनुकक्रम मिळवण्यात आला. त्याच्या आधारे २०२० मध्ये फारकतीचा काळ ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकापर्यंत मागे नेण्यात आला. विषाणूला अपायकारक ठरणारे जनुकीय बदल नैसर्गिक निवडीने सतत गाळले जातात. त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने काढलेले वय प्रत्यक्षापेक्षा कमी भरते, असे या मताचे प्रतिपादन आहे आणि ते अधिक ग्राह्य वाटते. गोवर एखाद्या समूहात अखंड टिकण्यासाठी अडीच ते पाच लाखांची वस्ती लागते, असे मानतात; एवढी मोठी नगरे साधारण त्याच सुमारास उदयास येऊ लागली होती. मात्र फारकत झाली त्याच वेळी विषाणू माणसात आला, असे यावरून सिद्ध होत नाही. तो पुढे काही शतके गुरांतच राहिला असणे शक्य आहे.

जुन्या ग्रंथांतील उल्लेख : चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘रोमांतिका’ नावाने सर्वांगावर उठणाऱ्या बारीक पिटिका (पुटकुळ्या) वर्णिल्या असून त्यांच्यासोबत ताप, दाह, तहान, खाज व अरुची सांगितली आहे. एवढ्यावरून गोवराची खूण पटत नाही. घामोळे किंवा अन्य ज्वरांतील पुरळही या वर्णनात बसू शकते. माधवनिदानात (सातवे-आठवे शतक, बहुधा) मसूरिकेच्या (देवीसारख्या रोगांच्या) प्रकरणात आलेले वर्णन जास्त बोलके आहे. तेथे पुरळ लालसर व रोमकूपांइतकेच वर आलेले असून आधी ताप येतो आणि सोबत खोकला असतो. तापानंतर पुरळ हा क्रम व खोकल्याची जोड पाहता माधवकरासमोर गोवराचेच रोगी असावेत, असे मानण्यास जागा आहे. चरकसंहितेतील उल्लेख मूळ ग्रंथाइतकाच जुना धरावा की नाही, हे सांगणे अवघड आहे. चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय पुढच्या काळातील दृढबल या वैद्याने पुरे केले आणि ते नेमके कोणते याविषयी एकमत नाही.

देवी व गोवर यांची पद्धतशीर तुलना करण्याचे श्रेय इराणी वैद्य अल्-राझी (सु. ८६५–९२५) याला दिले जाते. पाठदुखी देवीत अधिक, तर मळमळ व अस्वस्थता गोवरात अधिक, हे त्याचे निरीक्षण. दोन्ही रोग तो एकाच प्रक्रियेची रूपे मानत असे. त्यामुळे त्याने ते पूर्णपणे वेगळे केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. सतराव्या शतकात लंडनमध्ये इंग्रज वैद्य सिडनॅमने केलेले वर्णन आधुनिक वर्णनाशी जवळजवळ जुळते.

सांसर्गिकतेचे नियम मात्र एका दूरच्या बेटसमूहावर उलगडले. १८४६ मध्ये फेरो बेटांवर साथ आली आणि सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० हून अधिक आजारी पडले. डॅनिश वैद्य पीटर पानुम याने गावोगाव फिरून लागणीच्या तारखा जुळवल्या आणि लागणीपासून पुरळापर्यंत १३–१४ दिवस जातात हे दाखवले. १७८१ च्या साथीत गोवर झालेले वृद्ध या वेळी सुटले होते. एकदा गोवर झाला की आयुष्यभर संरक्षण मिळते, या समजाला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

ओळख : लागणीनंतर सुमारे दहा दिवसांनी ताप चढतो. नाक वाहते, कोरडा खोकला सुरू होतो, डोळे लाल होऊन पाणावतात व उजेड सहन होत नाही. याच अवस्थेत दाढांसमोर गालाच्या आतल्या बाजूस लाल पार्श्वभूमीवर मिठाच्या कणांसारखे पांढरट ठिपके दिसतात. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक याने त्यांचे महत्त्व १८९६ मध्ये दाखवून दिले. पुरळापूर्वी निदान करू देणारी ही खूण एकदोन दिवसच टिकते. साथीच्या काळात तापलेल्या मुलाचे तोंड उजेडात उघडून पाहणे म्हणूनच मोलाचे. पुरळ प्रथम कानांमागे व कपाळावर उठते, मग चेहरा, छाती-पोट आणि तीनचार दिवसांत पायांपर्यंत उतरते. त्याच क्रमाने ते मावळते व मागे तपकिरी डाग आणि कोंड्यासारखी साल राहते.

कांजिण्यांत पाण्याने भरलेले फोड येतात व ते धडावर अधिक असतात. एकाच वेळी नवे-जुने फोड दिसतात. रुबेलात (जर्मन गोवरात) ताप सौम्य असून कानामागच्या व मानेतील गाठी सुजतात. डेंग्यू व औषधांचे पुरळ यांमुळेही गल्लत होते. म्हणून संशयित रोग्याच्या रक्तातील आयजीएम (अलीकडची लागण दाखवणाऱ्या) प्रतिपिंडांची तपासणी करतात.

उपद्रव : गोवराला ‘सगळ्यांनाच होणारे दुखणे’ म्हणून सोडून देण्याची सवय घातक आहे. बहुतेक मृत्यू पुरळामुळे नव्हे, तर न्यूमोनिया, अतिसार व मेंदूदाह यांमुळे होतात. पाच वर्षांखालील व कुपोषित मुलांना धोका अधिक. कानातून पू येणे, तोंड येणे आणि अ-जीवनसत्त्वाच्या अभावी बुबुळ मऊ पडून दृष्टी जाणे हेही घडते. आधी मिळवलेली इतर रोगांविरुद्धची प्रतिकारस्मृतीही गोवर पुसतो, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. बरे झालेले मूल पुढे कित्येक महिने वारंवार आजारी का पडते, याचा उलगडा त्याने बराचसा होतो. क्वचित अनेक वर्षांनी मेंदूचा असाध्य विकार (एसएसपीई) उद्भवतो.

उपचार : विषाणूवर खास औषध नाही. भरपूर पेये, नेहमीचा आहार, अंगावरचे दूध चालू ठेवणे, तापासाठी पॅरासिटॅमॉल व डोळ्यांची स्वच्छता ही शुश्रूषा. अ-जीवनसत्त्वाची मात्रा मात्र प्रत्येक रोगी मुलाला लागोपाठ दोन दिवस द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे : सहा महिन्यांखाली ५०,०००, सहा ते अकरा महिन्यांत १ लाख व त्यापुढे २ लाख एकके. प्रतिजैविके केवळ जिवाणुसंसर्ग असल्यास देतात. श्वास जलद होणे, पिताना गळून जाणे, झटके, गुंगी किंवा बुबुळ धुरकट होणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णालयात न्यावे. गोवर ‘आत जिरू नये’ म्हणून अंग पुसणे, औषध व सकस अन्न टाळण्याची समजूत अजून आढळते. तिच्यामुळे मूल अशक्त होते. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावण्याच्या प्रथेने पाहुणे लांब राहत असतील, तर तेवढा तिचा उपयोग मानता येईल. पुरळ उठल्यापासून चार दिवस मुलाला वेगळे ठेवतात. संपर्कात आलेल्यांना ७२ तासांच्या आत लस दिल्यास रोग टळू शकतो.

लस : अमेरिकी संशोधक एंडर्स व पीबल्स यांनी १९५४ मध्ये विषाणू वेगळा केला व १९६३ मध्ये अमेरिकेत लस परवानाप्राप्त झाली. त्याआधी जगात दरवर्षी अंदाजे २६ लाख लोक गोवराने मरत. २०२३ मधील अंदाज सुमारे १,०७,५०० चा आहे. भारतात १९८५ च्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात एक मात्रा होती. दुसरी २०१० पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०१७ पासून गोवर-रुबेला अशी संयुक्त लस रुजू झाली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये नऊ महिने ते पंधरा वर्षे वयोगटासाठी मोहीम झाली. पहिली मात्रा ९–१२ व दुसरी १६–२४ महिन्यांत, उजव्या दंडावर त्वचेखाली देतात. लस गोठवून वाळवलेली असते. द्रावणात मिसळल्यावर ती थंड ठेवून चार तासांतच वापरावी लागते व उरलेली टाकून द्यावी लागते.

रोगाचा प्रसार थांबवण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. करोनाच्या काळात नियमित लसीकरण मागे पडले. त्यानंतर २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे साथ उसळली. नऊ महिन्यांखालील बाळांनाही लागण झाल्याने बाधित भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना जादा मात्रा देण्याचा निर्णय झाला. ही मात्रा नेहमीच्या दोन मात्रांत धरली जात नाही.