एकाच पेरातल्या दोन पत्त्या

प्राचीन ग्रीक मडक्यांवर दोन नळ्या एकदम तोंडात धरलेला वादक दिसतो. त्याला सर्रास ‘बासरीवादक’ म्हटलं जातं आणि तिथेच गफलत होते. बासरीत फुंकर काठावर आपटून सूर निघतो. ग्रीकांच्या या दोन नळ्यांच्या वाद्याला, म्हणजे औलॉसला, तोंडाशी फुंकरीने थरथरणारी पत्ती असायची, आपल्या सनईसारखी. त्यामुळे आवाज टोकदार, उघड्यावरच्या गलक्यातूनही ऐकू जाणारा. फुंकायला दम इतका लागे, की काही वादक गालांवरून कातडी पट्टा आवळून बांधत.

असं वाद्य करमणुकीपुरतं राहणं शक्यच नव्हतं. देवाला बळी देताना औलॉस, नाटकातल्या कोरसला औलॉस, ऑलिम्पियात लांब उडी घेतानाही औलॉस! तीन मजली वल्ह्यांच्या युद्धनौकेवर 170 वल्हेकरी दाटीवाटीने बसत. एकाचं वल्हं मागेपुढे झालं तरी शेजाऱ्याच्या वल्ह्यात अडकणार. म्हणून ठेका धरायला नौकेवर खास औलॉसवादक असे. इसवी सन पूर्व 418 मध्ये मँटिनियाच्या लढाईत स्पार्टाचं सैन्य याच सुरांवर सावकाश पुढे सरकलं. इतिहासकार थ्युसिडिडीसने कारणही नोंदवलंय: यात धर्माचा भाग नव्हता, पावलं जुळावीत आणि रांग फुटू नये एवढ्यासाठी ही सोय होती. संगीताचा इतका रोखठोक उपयोग वाचून मी थक्क झालो.

मला सगळ्यात भावते ती पत्तीची गोष्ट. वनस्पतींचा अभ्यासक थिओफ्रास्टस लिहितो, की चांगल्या पत्त्यांचा बोरू ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतातल्या कोपाइस तळ्यात मिळे. दोन्ही नळ्यांच्या पत्त्या बोरूच्या एकाच पेरातून कापायच्या, नाहीतर त्या एकमेकींशी जुळत नाहीत. मुळाकडची डाव्या नळीला, शेंड्याकडची उजवीला.

यामागचं विज्ञान सोपं आहे. पत्तीची जाडी आणि ताठपणा बदलला की सूरही थोडा सरकतो. एक नळी सेकंदाला 440 कंपनं देतेय आणि दुसरी 443, तर दोन्ही लहरी कधी एकमेकींना उचलून धरतात, कधी मारतात. मग सेकंदाला तीनदा आवाज फुगतो आणि बसतो. एकाच पेराच्या भिंतीची जाडी आणि धागे बरेचसे सारखे असतात, म्हणून पत्त्याही सारख्या वागतात. कारागिरांनी कंपनं मोजली नव्हती. त्यांना ते कानाने कळलं होतं.