पंचतत्त्व योगकक्ष

पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश या पंचमहाभूतांचा विचार करून आखलेली योगाभ्यासाची खोली, दालन किंवा उघडी जागा. हल्ली हा शब्द बहुधा सजावटीसाठी वापरतात. एका भिंतीला दगड, कोपऱ्यात कारंजे, चार दिवे, दहा कुंड्या, की झाली पाच तत्त्वे. योगग्रंथांतला विचार याच्या अगदी उलट आहे. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत मठिकेचे, म्हणजे योग्याच्या लहानशा कुटीचे, वर्णन येते (१.१२–१३). आसनाभोवती एक धनुष्य अंतरात, म्हणजे चार हात किंवा सुमारे १.८ मीटरच्या आत, दगड, अग्नी आणि पाणी नसावे असे तिथे म्हटले आहे. दार लहान, भोकेबिळे नाहीत, जमीन शेणाने नीट सारवलेली. विहीर आणि मंडप मठिकेच्या बाहेर. श्वेताश्वतर उपनिषद (२.१०) सपाट, स्वच्छ, खडे-विस्तव-वाळू नसलेली, डोळ्यांना न खुपणारी आणि वाऱ्याला आडोसा असलेली जागा सांगते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली जागा तर फार प्रेमाने रंगवलेली आहे. ऊन अगदी कोवळे, वारा गार पण संथ. मोर अधूनमधून येऊन गेले तर हरकत नाही, मात्र गलबला नको. तत्त्वे जवळ आहेत, पण अंगावर येत नाहीत. कक्ष आखताना हेच धरून ठेवावे.

तैत्तिरीय उपनिषदातल्या क्रमात आकाश आधी, मग वायू, अग्नी, आप आणि शेवटी पृथ्वी. आखणीलाही हाच क्रम सोयीचा पडतो, कारण मोकळी जागा एकदा सजावटीने खाल्ली की ती परत मिळत नाही.

आकाश. चटई साधारण ६१ × १८३ सेंमीची असते. हात-पाय पसरायला धरून माणशी ३ ते ३.५ चौ. मी. जागा लागते, त्याहून कमी ठेवली तर कडेला वाकताना शेजाऱ्याला हात लागतो. १.८ मीटर उंचीच्या माणसाची वर ताणलेली बोटे २.३ मीटरच्या आसपास पोहोचतात, म्हणून पंखा असेल तर छत ३ मीटरवर हवे. एक भिंत तरी पूर्ण कोरी आणि गुळगुळीत ठेवावी. भिंतीच्या आधाराने शीर्षासन करताना टाचा तिथेच टेकतात, आणि दगडी उठाव नेमका याच भिंतीवर चढवला जातो. आकाशाचा गुण शब्द, म्हणजे ध्वनी, म्हणून नादही इथेच तपासावा. रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवावी. ती लगेच विरली तर ठीक; सेकंदाहून जास्त घुमत राहिली तर ओंकार भरदार वाटेल, पण शिकवणाऱ्याच्या सूचना एकमेकींत मिसळतील. जाड सुती पडदे किंवा भिंतीवर बुचाचे तक्ते लावले की घुमणे कमी होते.

वायू. समोरासमोर दोन उघडी तोंडे हवीत, पण बसलेल्याच्या पाठीवर थेट झोत नको. घामेजलेले अंग शवासनात पाच मिनिटांत गार पडते आणि स्नायू आखडतात. पंखा त्याआधीच मंद करावा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्षात सुमारे ४२० भाग असतो. गच्च बंद खोलीत वीसेक माणसे तासभर बसली तर तो हजाराच्या बराच वर जातो आणि प्राणायामात सुस्ती येऊ लागते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे वातानुकूलन यंत्रावर विसंबणे. भिंतीवरचे साधे यंत्र आतलीच हवा गार करून फिरवते, ताजी हवा आणत नाही. दोन वर्गांच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटे खिडक्या सताड उघडाव्यात. कुंड्यांनी हवा शुद्ध होईल ही आशाही सोडावी. तो निष्कर्ष हवाबंद पेट्यांतल्या प्रयोगांवरून आलेला आहे; उघड्या खिडकीपुढे झाडांचा वाटा नगण्य ठरतो.

तेज. सकाळचा पूर्वेचा उजेड उत्तम. रात्री पिवळसर, कमीजास्त करता येणारा दिवा भिंतीकडे वळवून लावावा. छतात बसवलेले उघडे दिवे उताणे झोपलेल्याच्या थेट डोळ्यांत जातात. आराखडा पाहताना हे कुणाच्या लक्षात येत नाही. त्राटकासाठी, म्हणजे ज्योतीकडे एकटक पाहण्याच्या अभ्यासासाठी, ज्योत डोळ्यांच्या उंचीवर, हातभर ते एक मीटर अंतरावर असावी. पंखा चालू असेल तर ज्योत लवलवते, डोळे लगेच शिणतात आणि काजळी धरते. म्हणून त्राटकापुरता वारा बंद ठेवून नंतर खोली उघडावी. प्राणायामाच्या वेळी उदबत्ती आणि धूप टाळलेलेच बरे. खोल श्वासाबरोबर धूरही खोल जातो.

आप. सर्वांत जास्त बिघाड इथे होतात. डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाढ उबदार हवेत ७ ते १० दिवसांत होते, म्हणून घंगाळातले पाणी आठवड्याच्या आत बदलून भांडे आतून घासावे. नुसते पाणी ओतून टाकले तर काठाला चिकटलेली अंडी तशीच राहतात. कारंज्याचे तुषार लाकडी जमीन फुगवतात. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढून तुषारांवाटे श्वासात जाऊ शकतात. पंपाची घरघर हा वेगळाच त्रास. पाणी दाराबाहेर किंवा ओसरीवर ठेवावे; हठप्रदीपिकेने विहीर बाहेर ठेवली तसे. आतल्या आर्द्रतेकडे मात्र लक्ष हवे: ४० ते ६० टक्के बरी, त्यापुढे दीर्घकाळ राहिली की चटयांना बुरशीचा वास येतो.

पृथ्वी. जमीन सपाट, किंचित लवचीक आणि पायाला उबदार हवी. चकचकीत संगमरवर घामाने निसरडा होतो आणि थंडीत ध्यानाला बसवत नाही. लाकडी तक्त्यांच्या कडेला भिंतीपासून ८ ते १२ मिमी फट सोडली नाही, तर दमट दिवसांत तक्ते मध्येच उचलले जातात. सारवलेली जमीन पायाला मऊ लागते, पण वरचेवर सारवावी लागते, नाहीतर धूळ सुटते. उघड्यावर वाळू टाळावी: अधोमुख श्वानासनात तळहाताचा मनगटाकडचा भाग रुततो, मनगट जास्त मागे मोडते आणि सगळा भार तिथेच येतो. दवाने ओल्या हिरवळीवर चटई सरकते. खाली जाड सुती सतरंजी घातली की ती जागेवर राहते.