नांदेड–हैदराबाद : २४५ किलोमीटरना तास का लागतो?

छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेची पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी सुटली, तेव्हा सगळ्यांचे लक्ष सिमला–दिल्लीकडे होते. त्याच दिवशी ट्रूजेट या विमान कंपनीचे एटीआर-७२ हे पंख्यांचे छोटे विमान नांदेड–हैदराबाद मार्गावर सुरू झाले. मराठवाड्यासाठी मोठी बातमी ती होती.

हा मार्ग कुणी नकाशावर रेघ मारून ठरवलेला नाही. नांदेड १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १९००च्या सुमारास आलेल्या मनमाड–हैदराबाद रेल्वेने बासर, निजामाबादमार्गे हैदराबादचा रस्ता रुळवला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, राजधानी बदलली. पण दवाखाना, बाजारपेठ आणि नातेवाईक यांसाठी हैदराबादच जवळचे राहिले. सडकेने आजही पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पाच-सहा तास.

हवाई अंतराचा आकडा मात्र मध्येच बदलला, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. नांदेड ते बेगमपेट, म्हणजे हैदराबादचा जुना विमानतळ, सरळ रेषेत सुमारे २२७ किलोमीटर. मार्च २००८मध्ये प्रवासी विमाने शहराच्या दक्षिणेला शमशाबादच्या नव्या विमानतळावर गेली आणि तेच अंतर २४५ झाले. त्याच वर्षी गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबला गुरुपद मिळाल्याच्या तीनशे वर्षांच्या, निमित्ताने नांदेडचा विमानतळ नव्याने उभा राहिला. २,३०० मीटरची धावपट्टी ही त्याची खरी कमाई. ‘उडान’मध्ये डोंगराळ, दुर्गम भाग आणि बेटे सोडून मार्ग किमान २०० किलोमीटरचा हवा होता. नांदेड त्यात थोडक्यात बसले.

आता वेळेकडे. एटीआर ताशी ५०० किलोमीटरच्या घरात जाते, म्हणजे अर्धा तास पुरावा. तो पुरत नाही, कारण हा वेग मिळतो फक्त वरच्या सरळ टप्प्यात. पंधरा हजार फुटांवर जायचे तर मिनिटाला हजार फूट धरून चौदा-पंधरा मिनिटे चढण्यातच जातात आणि तेवढ्यात ८५–९० किलोमीटर मागे पडतात. उतरताना दर हजार फुटांना तीन सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर धरतात. शमशाबाद समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर असल्याने उतार ७०–७५ किलोमीटर आधी सुरू करावा लागतो. पूर्ण वेगाने उडायला उरतात जेमतेम दहा मिनिटे. म्हणूनच २०२४मध्ये स्टार एअरची जेट विमाने नांदेडला येऊ लागली, तरी इतक्या छोट्या पल्ल्यावर जेटने वाचणारी मिनिटे थोडीच.

शिवाय तिकिटावरची वेळ हवेतली नसते. चाकांपुढचे अडथळे काढून विमान हलते तिथपासून दुसऱ्या टोकाला उभे राहीपर्यंतचा सगळा काळ, म्हणजे ब्लॉक टाइम, त्यात धरलेला असतो. टॅक्सी, म्हणजे विमानाचे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत चालत जाणे-येणे, धावपट्टीची वाट पाहणे, शमशाबादच्या गर्दीतला क्रमांक, सगळे त्यातच.

सर्वांत जास्त फरक पाडतो वारा. शमशाबादची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि नांदेडचे विमान वायव्येकडून येते. विमान वाऱ्याच्या समोरून उतरते, म्हणून वारा पूर्वेचा असेल तर ते पश्चिमेकडूनच धावपट्टीवर उतरते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. तेव्हा विमानतळ ओलांडून पूर्वेला जायचे, वळायचे आणि मग उतरायचे. या वळशाला पाच-सात मिनिटे सहज लागतात, पुढे दुसरी विमाने असली तर आणखी. वेळापत्रक आखताना ही मिनिटेही धरावी लागतात. म्हणून हिवाळ्यात, पूर्वेच्या वाऱ्यात, हेच विमान वेळेच्या थोडे आधी पोहोचलेले दिसते.