ब्रेक्झिटोत्तर सार्वभौमत्व आणि व्यापार

२३ जून २०१६ च्या सार्वमतात ब्रिटनमधील ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. आपले कायदे आपणच करायचे आणि शेजाऱ्यांशी व्यापारही सुरळीत ठेवायचा, या दोन्हींचा मेळ कसा घालावा, हा पेच त्यातून उभा राहिला. तो अजून सुटलेला नाही.

वादाचे मूळ जुने आहे. १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात जाताना ब्रिटनने युरोपीय कायद्याला अग्रक्रम मान्य केला होता. त्याचा अर्थ ‘फॅक्टरटेम’ खटल्यात उघड झाला. स्पॅनिश मालकीच्या मासेमारी नौकांना रोखणारा १९८८ चा ब्रिटिश कायदा खुद्द ब्रिटिश न्यायालयाला बाजूला ठेवावा लागला. ब्रिटनमधल्या मराठी आणि गुजराती घरांना हाच अधिकाराचा प्रश्न हापूसमुळे जाणवला. फळमाशी आढळल्याने महासंघाने मे २०१४ पासून भारतीय आंबा, तसेच कारली, पडवळ, वांगी आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घातली. ब्रिटिश व्यापाऱ्यांनी ओरड केली, पण लंडनच्या सरकारला ती बंदी एकट्याने उठवता येत नव्हती. आंब्यावरची बंदी महासंघानेच जानेवारी २०१५ मध्ये मागे घेतली.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडला. १ जानेवारी २०२१ पासून नवा व्यापार व सहकार्य करार लागू झाला. करारानुसार मालावर आयातशुल्क नाही, मात्र तो माल पुरेशा प्रमाणात ब्रिटनमध्ये किंवा महासंघात तयार झाल्याचे दाखवावे लागते. खरा भार कागदपत्रांचा पडला. मांस किंवा चीज युरोपात पाठवायचे तर पशुवैद्यकाच्या सहीचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. पहिल्याच महिन्यात डच सीमाशुल्क अधिकारी ट्रकचालकांच्या डब्यातली हॅम सँडविचेस काढून घेत होते. काही किनाऱ्यांवरच्या जिवंत शिंपल्यांची युरोपातली वाटच बंद झाली. मोठ्या कंपन्यांनी यासाठी माणसे नेमली. लहान उत्पादकांना ते परवडले नाही आणि त्यांतल्या अनेकांनी युरोपातली गिऱ्हाइके सोडली. त्यांचे नुकसान या चर्चेत फार कमी मोजले गेले. दीर्घकाळात देशाची उत्पादकता एरवीपेक्षा सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील, असा ब्रिटनच्या अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा अंदाज आहे.

सर्वांत अवघड जागा उत्तर आयर्लंड. तेथे ५५.८ टक्के मते महासंघात राहण्याच्या बाजूने पडली होती. आयर्लंड प्रजासत्ताकाशी असलेली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा खुली ठेवणे तिथला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता करारानंतर अत्यावश्यक होते. म्हणून मालाबाबत तेथे युरोपीय नियम कायम राहिले आणि तपासणी एकाच देशाच्या दोन भागांमधल्या समुद्रावर आली. २०२३ च्या विंडसर आराखड्याने ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडकडे जाणाऱ्या मालासाठी दोन मार्गिका ठरवल्या: तिथेच राहणाऱ्या मालासाठी हिरवी आणि पुढे महासंघात जाऊ शकणाऱ्या मालासाठी लाल. हिरव्या मार्गिकेने जाणाऱ्या मांसाच्या आणि दुधाच्या पाकिटांवर ‘नॉट फॉर ईयू’ असे छापलेले असते. ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या युनियनिस्टांना ही व्यवस्था अपमानास्पद वाटली. त्यांच्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या बहिष्कारामुळे तिथले प्रादेशिक सरकार फेब्रुवारी २०२४ पर्यंत दोन वर्षे ठप्प होते.

स्वतंत्रपणे करार करण्याचा अधिकार मात्र खरोखर हाती आला. ब्रिटन डिसेंबर २०२४ मध्ये पॅसिफिक देशांच्या व्यापार करारात सामील झाला. २४ जुलै २०२५ रोजी त्याने भारताशी करार केला. त्यात स्कॉच व्हिस्कीवरील १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले. महासंघात असता तर ब्रिटनला हा करार एकट्याने करता आला नसता. तरीही ४० टक्क्यांहून अधिक ब्रिटिश निर्यात युरोपातच जाते आणि दूरचे करार ती जागा भरून काढू शकत नाहीत.

वस्तू युरोपीय मानके पाळते हे सांगणारे ‘सीई’ चिन्ह बाद करून स्वतःचे चिन्ह सक्तीचे करण्याचा बेत सरकारने २०२३ मध्ये बहुतेक वस्तूंसाठी गुंडाळला, कारण कारखान्यांना दोनदा चाचण्या नको होत्या. मे २०२५ मध्ये लंडनला झालेल्या शिखर बैठकीत खाद्यपदार्थ, वनस्पती आणि प्राणी यांच्या तपासण्या कमी करण्याचे तत्त्वतः ठरले. त्या बदल्यात ब्रिटन या क्षेत्रातले युरोपीय नियम बदलतील तसे स्वीकारत जाईल आणि त्यांच्या अर्थाबाबत अंतिम शब्द युरोपीय न्यायालयाचा राहील. नियम घडताना ब्रिटनचे म्हणणे ऐकले जाईल, मत देण्याचा अधिकार मात्र त्याला नसेल.