पार्श्वभूमी : कृष्णा-पंचगंगेचा २०१९ चा महापूर

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट आहे. पंचगंगा ५५ फुटांपलीकडे चढली. २००५ चा पूर पाहिलेल्यांनी त्याच अंदाजाने सामान वर उचलून ठेवले होते. तेही पाण्यात गेले.

त्या वर्षी पावसाळ्याची सुरुवात पाहून कोणाला पुराची शंकाही आली नसती. मोसमी वारे केरळात ८ जूनला, म्हणजे आठवडाभर उशिरा पोहोचले आणि देशभरात जून तुटीचा गेला. मग चित्र पालटले. जुलैच्या अखेरीपासून किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा जोरात राहिला, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीवर सलग आदळत राहिले. एखाद्या रात्रीच्या ढगफुटीचे पाणी नदी दोन दिवसांत वाहून नेते. इथे घाटमाथ्यावर दिवसेंदिवस उघडीपच मिळाली नाही.

सांगलीकराला हे आभाळाकडे बघून कळत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस, तर सांगलीत जेमतेम पाच-सहाशे. त्यामुळे शहरात नुसती भुरभुर असली तरी पूर दारात येऊ शकतो.

त्यात धरणे. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), वारणेची ३४, राधानगरीची सव्वाआठ. ही धरणे वीज आणि सिंचनासाठी बांधलेली. पुराचे पाणी सामावून घेण्यासाठी मुद्दाम रिकामी ठेवलेली जागा त्यांत फारशी नाही. जूनमध्ये तूट पडल्यावर जुलैत येईल तो थेंब साठवण्याकडेच कल राहणार. ऑगस्टमध्ये धरणे भरत आली आणि नेमका तेव्हाच पाऊस वाढला, तेव्हा आलेले पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. एक लाख क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफुटांचा विसर्ग दिवसभर चालला तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी जाते, म्हणजे अख्ख्या राधानगरीएवढे. राधानगरीचे दरवाजे तर स्वयंचलित. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात.

पण पुराची खरी गाठ संगमांवर बसते. कऱ्हाडला कृष्णेत कोयना मिळते, सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. या टापूत नदीला उतार अगदी कमी आणि वळणे फार. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला वाट मिळत नाही. पाणी मागे तुंबते आणि त्याचा फुगवटा शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतांत पसरतो. उसाचे शेंडेही दिसेनासे होतात. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात चढते पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. हा दक्षिणद्वार सोहळा. भाविक त्या पाण्यात स्नान करतात. दोन नद्यांची पातळी कुठवर आली हे गाव पिढ्यान्‌पिढ्या मंदिराच्या पायऱ्यांवरून ओळखत आले आहे. २०१९ मध्ये सोहळ्यापुरतीही जागा राहिली नाही, मंदिरच पाण्याखाली गेले.

एरवी या नद्यांचे पूर थोडे मागेपुढे येतात. त्या आठवड्यात सगळ्या एकदमच भरून आल्या. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद राहिला. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून माणसे गेली.

दोषाचे बोट लगेच खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाकडे गेले. नंतर राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. अतिवृष्टीबरोबर नदीपात्रातील अडथळे आणि अतिक्रमणांकडे लक्ष वेधले. मला हा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. अलमट्टीची उंची हा दोन राज्यांमधला वाद आहे, पण पूरपट्ट्यात टाकलेला भराव आपल्याच गावातला आहे.

पूररेषेच्या नकाशावर निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि आयर्विन पुलापाशी पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले.