नवा एडिटर आणि आंबील ओढ्याची रेघ

पुण्याच्या जलप्रवाहांचा नकाशा मी नव्या एडिटरमध्ये, म्हणजे नकाशे संपादित करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडला, तेव्हा बारमाही मुठा आणि उन्हाळ्यात कोरडा पडणारा आंबील ओढा एकाच रंगाच्या, एकाच जाडीच्या रेघा होऊन समोर आले. माहिती मात्र जराही हरवली नव्हती. शेपफाइलमध्ये, म्हणजे नकाशाची माहिती साठवणाऱ्या फाइलमध्ये, आकार, त्यांचे स्थान आणि तक्त्यातल्या नोंदी असतात. रंग, जाडी, नावांची मांडणी ही सारी ‘स्टाइल’ वेगळी साठवावी लागते आणि तिची भाषा एडिटरगणिक बदलते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरची स्टाइलसाठी स्वतःची क्यूएमएल फाइल असते. एसएलडी हे स्टाइल साठवण्याचे सामाईक स्वरूप अनेक एडिटरना वाचता येते, तरी गुंतागुंतीच्या स्टाइलचे सगळे बारकावे त्यातून पोहोचतातच असे नाही.

अशा वेळी एकेक रेघ निवडून रंगवण्याचा मोह टाळावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत पाणी असलेला प्रवाह निळा आणि कोरडे पात्र काळे दाखवतात, म्हणजे तिथे रंग हीच माहिती असते. तक्त्यात ‘बारमाही’ किंवा ‘हंगामी’ अशी नोंद असेल, तर तिच्यावर नियम बांधावा. पुढे नोंद बदलली की रंग आपोआप बदलतो.

जाडीचे एककही तपासावे. 12 मीटर रुंदीचा रस्ता 1:50,000 प्रमाणावर जेमतेम 0.24 मिलिमीटर भरतो, म्हणून तो मिलिमीटरमध्ये ठरवलेल्या जाडीने, खऱ्या रुंदीपेक्षा ठळक काढतात. तोच आकडा नव्या एडिटरने मीटर म्हणून वाचला, तर रस्ता दिसेनासाच होतो. वेबवरच्या एडिटरमध्ये प्रमाणाऐवजी झूम पातळी असते आणि पातळी एकाने वाढली की प्रमाण दुप्पट होते. पुण्याच्या अक्षांशावर 1:50,000 हे प्रमाण साधारण 13 आणि 14 या पातळ्यांच्या मध्ये येते, त्यामुळे कोणती गोष्ट कोणत्या प्रमाणापर्यंत दिसावी याच्या जुन्या मर्यादा नव्याने बसवाव्या लागतात.

सर्वांत जपण्याजोगी असतात ती नावे. देवनागरीत अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही: ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी काढतात आणि रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. ही जुळणी न करणाऱ्या एडिटरमध्ये ‘सिंहगड’ची वेलांटी ‘स’च्या उजवीकडे जाते आणि ‘पर्वती’मधला ‘र’ पाय मोडून वेगळा पडतो. म्हणून फॉन्टची परीक्षा या दोन नावांवर घ्यावी. ‘मुठा’मध्ये ना वेलांटी आहे ना जोडाक्षर, त्यामुळे हा दोष तिथे दिसणारच नाही.