टीव्हीवरचं हरीण २२ मिनिटांत येतं, खरं येतंच असं नाही

विस्कॉन्सिन, मिशिगनकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना नोव्हेंबरातले ते दिवस माहीत असतील, ऑफिसमधले बरेच जण अचानक सुट्टीवर, गॅस स्टेशनवर भडक केशरी जॅकेटवाले कॉफी घेतायत आणि पिकअपमध्ये मागे हरीण आडवं टाकलेलं. विस्कॉन्सिनचा बंदुकीच्या शिकारीचा सीझन थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून ९ दिवस, मिशिगनमध्ये वार कुठलाही असो १५ नोव्हेंबरला सुरू. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर हा प्रकार जवळजवळ बंदच झाला, त्यामुळे आपल्यातले बहुतेक जण ही शिकार बघतात ती टीव्हीवरच. आणि टीव्हीवर काय दिसतं, तर माणूस मचाणावर बसतो, थोडं कुजबुजत बोलतो, भलीमोठी शिंगं मिरवत नर येतो, बाण सुटतो, मिठ्या, फोटो, जाहिरात. संपलं.

प्रत्यक्षात काय होतं? पहाटे अंधारात जाऊन बसायचं, पायाची बोटं बधिर, दिवसभरात दोन खारी आणि एक मादी, तीही चुकीच्या बाजूने. पूर्ण सीझन घालवून निम्म्याहून जास्त लोक रिकाम्या हाताने घरी येतात हो. काही ठिकाणी अजूनही चारपाच जण मिळून रान उठवतात आणि बाकीचे पुढे दबा धरून बसतात, आपल्या जुन्या शिकारकथांमधला हाका तोच. ते टीव्हीवर क्वचितच दिसतं, कारण कॅमेरा कुठे लावणार?

मुळात हरणंच उरली नव्हती हे आधी सांगायला हवं. १९०० च्या सुमारास बाजारात मांस-कातडी विकण्यासाठी इतकी मारली होती की पांढऱ्या शेपटीची हरणं अख्ख्या अमेरिकेत ५ लाखांच्या आत आली असावीत असा अंदाज आहे. मग बेकायदा शिकारीच्या व्यापाराला आळा घालणारा लेसी कायदा (१९००), सीझन, लायसन्स, आणि १९३७चा पिटमन-रॉबर्टसन कायदा, ज्यात बंदुका आणि गोळ्यांवरच्या कराचे पैसे वन्यजीवांवर खर्च होतात. आज तीच हरणं ३ कोटींच्या आसपास, गाड्यांना धडकतायत, बागा खातायत.

टीव्हीवर शिकार आणली ती मोठ्या नेटवर्कने. १९६५ला एबीसीवर ‘द अमेरिकन स्पोर्ट्समन’ सुरू झाला, खेळांचा कॉमेंटेटर कर्ट गाउडी होस्ट, सिनेमातले लोक पाहुणे, मासेमारी, आफ्रिका वगैरे. म्हणजे तो प्रवासाचा कार्यक्रम जास्त होता, शेजारच्या शेतातल्या हरणाचा नव्हे.

खरं वळण आलं व्हिडिओ कॅसेटमुळे. १९८६मध्ये रियलट्री आणि मॉसी ओक हे दोन्ही कॅमोफ्लाज (झाडीत मिसळून जाणाऱ्या नक्षीच्या कपड्यांचे) ब्रँड निघाले, एक जॉर्जियात, एक मिसिसिपीत. त्यांना कापड विकायचं होतं, आणि कापड विकायला त्या कपड्यात कुणीतरी दांडगा नर पाडताना दिसला पाहिजे! मग कॅसेटी, एकामागून एक नर, मधलं वाट बघणं कापलेलं. पुढे ९०च्या दशकात आउटडोअर चॅनल आला (गंमत म्हणजे त्याची मुळं हौशी सोनं शोधणाऱ्यांच्या क्लबात), २००३ला स्पोर्ट्समन चॅनल. इथे बरेच कार्यक्रम चॅनल विकत घेत नाही, उलट कार्यक्रमवालाच चॅनलला स्लॉटचे पैसे भरतो आणि ते स्पॉन्सरकडून वसूल करतो. अर्धा तास, जाहिराती वजा जाता २२ मिनिटं. त्यात रिकामा हात दाखवून बाणाच्या कंपनीला काय सांगणार?

त्यामुळे जागाही तशाच निवडल्या जातात. आयोवा-इलिनॉयमधली खाजगी शेतं, जिथे बाहेरच्या कुणाला पाय ठेवू देत नाहीत, हरणांसाठी मुद्दाम पेरलेला क्लोव्हर, झाडाझाडाला ट्रेल कॅमेरे, त्या नराचं तीन वर्षांचं फोटो रेकॉर्ड आणि वर त्याला एक नाव. टेक्सासात तर काही ठिकाणी ८ फुटी कुंपण आणि टायमरवर मका सांडणारा फीडर. असल्या कुंपणातलं हरीण शिकारीचे विक्रम नोंदवणारा बून अँड क्रॉकेट क्लब (१८८७चा, थिओडोर रुझवेल्टने काढलेला) आपल्या रेकॉर्डमध्ये घेत नाही, टीव्हीला मात्र चालतं.

आणि मचाणावर दोन माणसं असतात, मागे कॅमेरावाला. दुप्पट वास, दुप्पट हालचाल. बऱ्याच राज्यांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत नेम धरायला परवानगी असते पण कॅमेऱ्याचा उजेड त्याआधीच संपतो, तेव्हा समोर आलेलं हरीण सोडूनही द्यावं लागतं, हा त्रास साध्या शिकाऱ्याला नाही. चेहऱ्याचे क्लोजअप कित्येकदा नंतर घेतलेले. पोट फाडून आतडी काढणं, ते धूड ओढत आणणं, जखमी होऊन रात्रभर न सापडलेलं हरीण हे सगळं एडिटमध्ये जातं. फोटोआधी रक्त पुसतात, बाहेर आलेली जीभ आत सारतात, आणि ‘मारलं’ऐवजी ‘हार्वेस्ट’ म्हणतात, जणू काय ज्वारी काढली. फुटेजच्या हव्यासापायी नियम मोडल्याबद्दल काही होस्ट कोर्टात दोषीही ठरलेत.

टीव्हीचा परिणाम मग रानातही झाला. पूर्वी बहुतेक नर दीड वर्षाचे असतानाच मारले जायचे, फ्रीझर भरला की झालं. आता कोवळे नर सोडा, पाचसहा वर्षांचे होऊ द्या, शिंगं मोजा असं सुरू झालंय. कल्पना वाईट नाही, कळप सुधारतो, पण त्या नादात जमिनींची भाडी वाढली आणि ज्याला शेतकरी ओळखीने फुकट जाऊ द्यायचा तो बाहेर पडला. आणि मांसासाठी मादी मारून आलेला माणूस, ज्याच्या घरी हिवाळाभर सॉसेज होणार असतं, तो किती पॉइंटचा (म्हणजे शिंगांना किती टोकं) मारलास विचारल्यावर जरा ओशाळून सांगतो, अरे काही नाही, नुसती डो आहे.